"पिल्लं किती होतात ते सांगा सर!" : छोट्या प्राण्यांच्या धंद्यात वेताचा हिशोब कसा मांडायचा

मागच्या व्हिडिओत आपण पेट शॉपचं भांडवल पाहिलं. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच: "सर, ससा, हॅमस्टर, गिनी पिग, चिंचिला, यात पिल्लं जास्त कशाला होतात?" आजचा धडा त्यावरच आहे. पण उत्तर देण्याआधी एक प्रसंग सांगतो, म्हणजे हा प्रश्न मला अर्धवट का वाटतो ते कळेल.

दोन वर्षांपूर्वी पाटण बाजूचे एक दादा आणि वहिनी आमच्या कराडच्या दुकानात आले. हातात एक रंगीत माहितीपत्रक. त्यात लिहिलेलं: १० माद्या, २ नर. एका मादीला एका वेळी ८ पिल्लं. वर्षाला ८ वेतं. म्हणजे १० गुणिले ८ गुणिले ८, वर्षाला ६४० ससे. आणि सगळे ससे आम्हीच परत विकत घेणार, असा करार. युनिटची किंमत दोन लाख. दादा म्हणाले, "सर, निम्मे पैसे तयार आहेत. उरलेल्यासाठी हिचं गंठण ठेवतोय. फक्त पिंजरे कसले घ्यायचे ते सांगा."

गुणाकार बरोबर होता. मी बीबीए केलंय, गुणाकारात चूक काढता आली नाही. चूक गुणाकाराच्या आधी होती. ती कुठे होती, ते समजायला थोडं जीवशास्त्र लागतं. चला, तेच शिकू.

निसर्गाचे दोन हिशोब

पिल्लं वाढवायचा खर्च प्रत्येक आईला करावाच लागतो. फरक इतकाच, की कुणी तो पोटात करतं, कुणी व्यायल्यावर करतं.

सोनेरी हॅमस्टर घ्या. मादी फक्त १६ दिवस गाभण असते. सस्तन प्राण्यांमध्ये इतका कमी गर्भकाळ फार थोड्यांचा असतो. एका वेताला साधारण ८ पिल्लं, कधी ४, कधी १२. पण पिल्लू कसलं? उघडं, गुलाबी, डोळे मिटलेले, वजन दोन-तीन ग्रॅम. म्हणजे माल अर्धाच तयार झालाय, उरलेलं काम आईच्या दुधावर आणि घरट्याच्या उबेवर. तीन आठवड्यांनी पिल्लू आईपासून वेगळं करता येतं.

आता चिंचिला. ही दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातली. मादी सुमारे १११ दिवस गाभण असते, म्हणजे पावणेचार महिने. पिल्लं एक ते तीन, सरासरी दोन. पण जन्मतः अंगावर पूर्ण केस, डोळे उघडे, दात आलेले, आणि थोड्याच वेळात चालायला लागतात. वजन साधारण ५० ग्रॅम.

आता वही घ्या. हॅमस्टरची आई समजा १२५ ग्रॅमची, पिल्लं ८, प्रत्येकी अडीच ग्रॅम. एकूण २० ग्रॅम. आईच्या वजनाच्या १६ टक्के. चिंचिलाची आई समजा ६०० ग्रॅमची, पिल्लं २, प्रत्येकी ५०. एकूण १०० ग्रॅम. आईच्या वजनाच्या जवळपास १७ टक्के. बघा, ओझं दोघींनी सारखंच उचललं! एकीनं ते आठ लहान पुड्यांत बांधलं, दुसरीनं दोन मोठ्या पुड्यांत. "जास्त पिल्लं म्हणजे चांगला प्राणी" असं काही नसतं. जास्त पिल्लं म्हणजे जास्त काम व्यायल्यानंतर शिल्लक राहिलं, आणि पिंजऱ्यातल्या प्राण्याच्या बाबतीत त्या कामाचा बराच भाग मालकावर येतो.

एकेक प्राणी पाहू

*हॅमस्टर.* पटकन वितो, पटकन वाढतो. दोन महिन्यांच्या आत पिल्लूच प्रजननाला तयार. पण सोनेरी हॅमस्टर एकटा राहणारा प्राणी आहे, मोठे झालेले दोन एका पिंजऱ्यात ठेवले तर रक्त निघेपर्यंत भांडतात. व्यायलेल्या मादीला त्रास झाला, सारखा पिंजरा उघडला, पिल्लांना हात लावला, तर ती पिल्लं खाते. १९३० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी सीरियात अलेप्पोजवळ एक मादी आणि तिची ११ पिल्लं पकडली, तेव्हाही तिनं एक पिल्लू मारलं होतं. त्या वेतातल्या जी थोडी पिल्लं पुढे जगली, त्यांच्यापासूनच आज जगभर पाळल्या जाणाऱ्या सोनेरी हॅमस्टरांची बहुतेक पैदास झाली. म्हणून हॅमस्टर व्याला की आमच्या दुकानात पिंजऱ्यावर कापड आणि "हात लावू नये" अशी पाटी. पहिला आठवडाभर दाणा-पाणी सोडून काही नाही.

*ससा.* गर्भकाळ ३० ते ३२ दिवस. एका वेताला ४ ते १२ पिल्लं. सशाचं एक वेगळेपण आहे: गाय-म्हशीसारखा ठरावीक दिवसांचा माज नसतो. नराशी मिलन झालं की त्यानंतर साधारण १० ते १२ तासांनी अंडी सुटतात. म्हणून लोकांना वाटतं, केव्हाही नराकडे न्या, वेत मिळणारच. व्यायल्यावर लगेचही मादी पुन्हा गाभण राहू शकते. माहितीपत्रकातली "वर्षाला ८ वेतं" तिथूनच येतात. होऊ शकतं आणि करावं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिल्लं उघडी जन्मतात, डोळे दहाव्या दिवसाच्या सुमारास उघडतात. २८व्या दिवशी पेटी ठेवायची, मादी स्वतःचे केस उपटून त्यात घरटं करते. पेटी ठेवायला विसरलात तर पिल्लं जाळीवर पडतात आणि गारठून मरतात. आणखी एक: मादी दिवसातून एकदाच, तीन-चार मिनिटं दूध पाजते. नवीन माणूस घाबरतो, "आई पिल्लांकडे बघतच नाही!" घाबरू नका. सकाळी पिल्लांची पोटं बघा. गोल, टम्म असतील तर सगळं ठीक.

*गिनी पिग.* गर्भकाळ ५९ ते ७२ दिवस. पिल्लं साधारण २ ते ४. चिंचिलाची ही लांबची बहीणच, अँडीजकडचीच. त्यामुळे पिल्लं केसाळ, डोळे उघडे, दुसऱ्या दिवशी गवत कुरतडायला लागतात. तीन आठवड्यांत आईपासून वेगळी करता येतात. गिनी पिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यामुळे गाभण मादीला कोथिंबीर, ढोबळी मिरची रोज हवी.

*चिंचिला.* पिल्लं कमी, काळ लांब, आणि मादी वयात यायलाच सुमारे आठ महिने. समजा तुम्ही जानेवारीत तीन महिन्यांची जोडी आणली. मादी जूनमध्ये वयात आली, लगेच गाभण राहिली, तर सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये व्याली. पिल्लं आठ आठवडे आईजवळ. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर वर्षाच्या शेवटी हातात दोन पिल्लं! आणि हा थंड डोंगरातला प्राणी आहे. २५ अंशांच्या वर त्याला त्रास सुरू होतो, त्याहून वाढलं तर उष्माघातानं मरतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. दोन पिल्लांसाठी चोवीस तास एसी लावणार का? उत्तर तुम्हीच द्या.

सड मोजा

एक सोपी खूण सांगतो. उंदीरवर्गातल्या बऱ्याच प्राण्यांत एका वेताची सरासरी पिल्लं ही आईच्या सडांच्या निम्म्याच्या आसपास असतात, आणि जास्तीत जास्त पिल्लं सडांइतकी. निसर्ग शिलकीत माल ठेवतो, म्हणा ना. पाळीव सशांमध्ये आपण माणसांनी निवडून निवडून पिल्लं वाढवली, पण सड आठ-दहाच राहिले. त्यामुळे ११ पिल्लं झाली की पेढे वाटू नका. सड मोजा. वरची दोन-तीन पिल्लं त्याच सुमारास व्यायलेल्या, कमी पिल्लं असलेल्या दुसऱ्या मादीखाली पहिल्या दोन-तीन दिवसांत ठेवता आली तर जगतात. म्हणून ससे पाळणारे दोन-तीन माद्या एकाच दिवशी नराकडे नेतात.

गिनी पिगला सड दोनच! तरी ती तीन-चार पिल्लं वाढवते, कारण पिल्लं आळीपाळीनं पितात आणि दुसऱ्या दिवसापासून चाराही खातात. तयार माल घेऊन येण्याचा हा फायदा.

माझी चूक, जी मी वहीत लिहून ठेवलीय

दुकानाच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक पांढरी-तपकिरी गिनी पिग मादी होती. गिऱ्हाइकांची लहान मुलं खास तिला बघायला यायची. मी म्हटलं, हिला लगेच गाभण नको, छान मोठी होऊ दे, मग हिची पिल्लं घेऊ. वर्षाची झाल्यावर नर सोडला. मला वाटत होतं मी तिच्या भल्याचंच करतोय.

गिनी पिगची पिल्लं जन्मतःच मोठी असतात, हे वर पाहिलं. ती बाहेर यायला मादीच्या कमरेखालच्या हाडांचा सांधा सैल होऊन उघडावा लागतो. पहिलं वेत सहा-सात महिन्यांच्या वयाच्या आत झालं, तर तो सांधा पुढेही उघडू शकतो. नाही झालं, तर तो घट्ट होतो आणि मग मादी अडते. माझी मादी अडली. रात्री दहाला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली, त्यांनी प्रयत्न केले, पण मादीही गेली आणि तिन्ही पिल्लंही.

डॉक्टरांनी विचारलं, "पहिलं वेत आहे? वय किती?" मी वय सांगितलं. ते काही बोलले नाहीत. ती गप्प बसलेली दोन मिनिटं मला अजून आठवतात. ज्या मादीचं पहिलं वेत सहा महिन्यांच्या आत झालेलं नाही, तिला माझ्याकडे आयुष्यभर नराजवळ जाऊ देत नाही. ती सोबतीण म्हणून दुसऱ्या मादीबरोबर मजेत राहते.

दुसरी चूक त्याच वर्षीची. पिल्लं दोन महिने एकत्रच ठेवली. गिनी पिगचे नर तीन-चार आठवड्यांतच वयात येऊ लागतात आणि माद्याही तेवढ्याच लवकर. मला कळलं तेव्हा बहिणी भावांपासून गाभण होत्या. आता तीन आठवडे झाले की नर एकीकडे, माद्या एकीकडे. नर-मादी ओळखता येत नसेल तर डॉक्टरांकडून दोनदा शिकून घ्या, लाजू नका.

६४० चे १६० कसे होतात

आता दादांच्या माहितीपत्रकाकडे येऊ. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतोय, तुमच्याकडे तुमचे घाला.

वेतं किती? ३१ दिवस गाभण, नंतर पिल्लं पाच-सहा आठवडे आईजवळ, मग मादीला थोडी विश्रांती. एका वेताला ७५ ते ८० दिवस धरा. वर्षाला पावणेपाच वेतं होतात. आता उन्हाळा. पारा तिशीच्या वर राहिला की सशाच्या नराचं वीर्य कमजोर होतं, मादी नराकडे नेली तरी रिकामी राहते. एप्रिल-मे धरू नका. राहिली ४ वेतं.

पिल्लं किती? जन्मली ७, आईपासून वेगळी होईपर्यंत जगली ५ धरा. ४ गुणिले ५, एका मादीमागे २०.

माद्या किती? १० पैकी एखादी आजारी, एखादी पिल्लं टाकणारी. ८ धरा. ८ गुणिले २० म्हणजे १६०.

६४० आणि १६०. माहितीपत्रकाच्या चौथा हिस्सा. आणि चारा, पिंजरे, औषध, मजुरी यांचा खर्च मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण.

मग मी दादांना एकच प्रश्न विचारला: "हे लोक तुमच्याकडून ससे परत घेऊन विकतात कुणाला?" दादा म्हणाले, "नवीन युनिट घेणाऱ्यांना." मी वहीचं पान उलटलं. १६० पैकी ८० माद्या. दहा-दहाची ८ नवीन युनिटं. दुसऱ्या वर्षी त्या ८ मधून ६४. तिसऱ्या वर्षी ५१२. चौथ्या वर्षी ४०९६. तेही जुनी युनिटं न धरता. "पाटण तालुक्यात इतकी घरं तरी मिळतील का युनिट घ्यायला?" वहिनी हसल्या, दादा नाही हसले.

हे आपल्याकडेच होतं असं नाही

चिंचिलाची गोष्ट ऐका. हिच्या फरसाठी अँडीजमध्ये इतकी शिकार झाली की प्राणी संपत आला. एका कोटाला शंभरच्या वर कातडी लागतात, आणि मादीला एका वेळी पिल्लं दोन. भरपाई होणार कशी? १९१० मध्ये चिली, अर्जेंटिना, बोलिव्हिया आणि पेरू या देशांनी शिकारीविरुद्ध करार केला. १९२३ मध्ये मॅथायस चॅपमन नावाच्या अमेरिकन खाण अभियंत्यानं चिलीतून ११ चिंचिला कॅलिफोर्नियात नेल्या. उंचावरच्या थंडीतून त्यांना टप्प्याटप्प्यानं खाली आणलं होतं.

पुढे तिथे चिंचिलापालन हा धंदा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर जाहिराती येऊ लागल्या: घरच्या एका खोलीत चिंचिला पाळा, श्रीमंत व्हा. एक मादी वर्षाला इतकी पिल्लं देईल, आम्ही परत घेऊ. बरीच विक्री कोट शिवणाऱ्यांना नव्हे, तर नव्यानं चिंचिला पाळू पाहणाऱ्यांना होत होती. नवीन गिऱ्हाईक आटलं, तशी जोड्यांची किंमत कोसळली. पुढे १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं खोट्या कमाईचे आकडे सांगणाऱ्या अशा काही विक्रेत्यांविरुद्ध आदेश काढले. प्राणी वेगळा, देश वेगळा, माहितीपत्रक तेच. आपल्याकडे एमूनं काय शिकवलं ते मी सांगायला नको.

मग काय करायचं? हे पाच प्रश्न वहीत लिहा

१. शेवटचं गिऱ्हाईक कोण? घरी पाळणारा, की पुन्हा पिल्लं काढून विकणारा? दुसऱ्या प्रकारचं गिऱ्हाईक सोडून महिन्याला किती विकले जातात, तो तुमचा खरा आकडा. माझ्या दुकानात महिन्याला सहा-आठ ससे जातात, त्याहून जास्त पिल्लं मी काढतच नाही.

२. जन्मलेली नाही, आईपासून वेगळी होऊन जगलेली पिल्लं किती? वहीत दोन रकाने करा: जन्मली, जगली. फरक वाढला तर नर-मादीला दोष देऊ नका. पेटी, ऊन, चारा, गर्दी तपासा.

३. विकली न गेलेली पिल्लं कुठे ठेवणार? प्रत्येक वेताआधी रिकामे पिंजरे मोजा. पिंजरा नाही, तर नर नाही.

४. मादीचं वय, वेताचा क्रमांक, विश्रांतीचे दिवस लिहिलेत का? प्रत्येक मादीचं एक कार्ड पिंजऱ्याला लावा. दहा रुपयांचं काम आहे.

५. कागदपत्रं आहेत का? पेट शॉपसाठी २०१८ चे नियम आहेत, राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. साइट्सच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंद वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर करावी लागते. आणि रानससा पकडणं-विकणं हा गुन्हा आहे, "शेतात सापडला" म्हणून कुणी आणला तरी घेऊ नका.

दादा-वहिनींचं काय झालं?

त्यांनी मला तिथेच काही सांगितलं नाही. दादा थोडे नाराजच होऊन गेले. स्वप्नावर कुणी पाणी ओतलं की राग येतोच, मला वाईट वाटलं नाही. तीन आठवड्यांनी वहिनी एकट्या आल्या. गंठण गळ्यात होतं. म्हणाल्या, "सर, चारच ससे द्या. तीन माद्या, एक नर. आणि ती दोन रकान्यांची वही कशी लिहायची ते परत दाखवा."

आज त्यांच्याकडे सहा माद्या आहेत. आठवडी बाजाराला जोडून दोन दुकानांना पिल्लं देतात आणि लेंडीखत शेजारच्या रोपवाटिकेला विकतात. वर्षाला ६४० ससे होत नाहीत. पण पहिल्या उन्हाळ्यात नऊ पिल्लं का गेली, ते त्यांच्या वहीत तारखेसह लिहिलेलं आहे. दुसऱ्या उन्हाळ्यात एकही गेलं नाही, कारण तेव्हा त्यांनी मादी भरवलीच नाही.

गृहपाठ: तुम्ही जो प्राणी निवडलाय त्याचा गर्भकाळ, वेतातली पिल्लं, आईजवळचे दिवस आणि वयात येण्याचं वय, हे चार आकडे लिहा. त्यावरून एका मादीचं वर्षाचं कॅलेंडर काढा. उन्हाळा त्यातून वजा करा. उरलेला आकडा छोटा दिसला तर नाराज होऊ नका, तो तुमचा आहे. पुढच्या धड्यात याच आकड्यावरून चाऱ्याचा खर्च काढायला शिकू. भेटू!